अजिमचे तेवीस किलो

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. चाकणला मी ज्या कंपनीत काम करते तिथं गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. ते भाग ज्या साधनांनी मोजतात ती साधनं बरोबर मोजतात की नाही, हे बघणं माझं काम. काटे, गेज, मायक्रोमीटर, जे जे म्हणून मोजतं ते ते मी तपासते, हिरवं स्टिकर लावते, खाली तारीख टाकते. बावीस वर्षं हेच केलं की माणूस बिघडतो. भाजीवाल्याचा काटा जरा तिरका दिसला तरी माझं डोकं सटकतं. कंपनीत मला तोंडावर विजयश्रीताई म्हणतात, माघारी कॅलिब्रेशनबाई. म्हणोत बापडे.

ही गोष्ट माझी नाही, अजिम मुलाणीची आहे. पण तिच्यात मी नको तिथं नाक खुपसलं, म्हणून मलाच सांगावी लागतेय.

अजिम आमच्याच कंपनीत टूलरूमला फिटर, आणि चिखलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतो. वडील बार्शीकडून आले, फाउंड्रीत भट्टीपुढे राबले आणि छातीच्या दुखण्यानं लवकर गेले. अजिम दहावीनंतर पिंपरी कॅम्पातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात लागला. तिथं तो रॅकेटचं गटिंग शिकला. गटिंग म्हणजे रॅकेटच्या चौकटीत तार ताणून जाळी विणायची. आधी बॅडमिंटनच्या रॅकेट, मग टेनिसच्या. पुढे आयटीआय झालं, कंपनीत नोकरी लागली, रुक्सानाशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, पण गटिंग काही सुटलं नाही. टूलरूममध्ये दिवसभर डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, दुरुस्त करायच्या आणि घरी येऊन चहाचा कप बाजूला ठेवून तार ओढत बसायचं. रुक्साना म्हणायची, "ताई, ह्यांच्या हातात रॅकेट नसेल तर समजा ताप आलाय."

मशीन त्याचं स्वतःचं होतं. विकतचं नव्हे, घडवलेलं. साहेबांना विचारून भंगारातनं पट्ट्या घेतल्या, सायकलची चेन घेतली, मोडीत निघालेल्या डायमधली स्प्रिंग घेतली आणि तीन महिने खपून उभं केलं. हँडल फिरवलं की तार ताणली जायची, आणि काटा किलोमध्ये दाखवायचा किती ताण बसला ते. निगडी-प्राधिकरणातली क्लबची पोरं-पोरी, त्यांचे आईबाप, सगळे त्याच्याकडे येऊ लागले. म्हणायचे, "अजिमभाईंच्या हाताला काहीतरी आहे राव. बॉल कसा मऊ लागतो!"

हाताला काहीतरी आहे म्हणे. आता ऐकलं की माझं टाळकं फिरतं.

सहा वर्षांपूर्वी बालेवाडीच्या स्पर्धेत तिबोर आला. तिबोर व्रशान्स्की, स्लोव्हाकियाचा. स्लोव्हाकिया नकाशावर कुठंय हे तेव्हा ना मला माहीत होतं ना अजिमला. स्पर्धेच्या गटिंगवाल्याकडे मोठी रांग लागलेली, आणि ह्याचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी. मिनल म्हणून आमच्या निगडीच्या क्लबात शिकवणारी मुलगी आहे, ती तिथं स्वयंसेवक होती. तिनं त्याला रिक्षात घातलं आणि थेट चिखलीला आणलं. सव्वासहा फुटी माणूस आमच्या जिन्याखाली वाकून उभा! मशीनच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ट्वेंटी थ्री किलो."

अजिमनं तेवीसवर काटा लावून दोन रॅकेट विणून दिल्या. तिबोर त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेला.

झालं. तिथपासून कोरोनाची वर्षं सोडली तर दरवर्षी फेब्रुवारीत तो यायचा, आणि विमानतळावरनं हॉटेलला जायच्या आधी चिखलीला यायचा. रुक्सानाच्या हातचं खायचा. त्याच्या गावातही गाड्यांचा मोठा कारखाना, त्याचा भाऊ तिथं प्रेसवर. अजिमनं त्याला मोबाइलवर आमच्या प्रेसचे फोटो दाखवले, त्यानं भावाचे दाखवले. दोघांना इंग्रजी यथातथाच, पण डाय, प्रेस, स्प्रिंग एवढ्यावर त्यांच्या गप्पा तासतासभर चालायच्या.

त्याची कहाणीही अजिमला पाठ होती. सोळाव्या वर्षी देशातला सगळ्यात मोठ्या आशेचा मुलगा. चोविसाव्या वर्षी जगात एकशे एकतिसावा. आणि मग उजवा कोपर. टेनिस खेळणाऱ्याचा कोपर म्हणजे फिटरची बोटं. वर्षभर हा माणूस तुर्कस्तान, इटली, कझाकस्तान असा फिरायचा, पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरायचा, कोपराला पट्टी बांधून पुढच्या गावाला जायचा. आणि पुण्यात आला की मात्र खेळायचा. एकदा अंतिम फेरी, एकदा उपांत्यपूर्व, गेल्या वर्षी उपांत्य. कोपरही इथं कमी दुखायचा. तो म्हणायचा, हवा चांगली आहे. मग अजिमकडे बघून म्हणायचा, हवा नाही, हा.

अजिम लाजायचा. पण त्याच्या आयुष्यात हे एवढंच होतं हो. कंपनीत त्याला कोण विचारतंय? डाय नीट चालली तर साहेबाचं कौतुक, अडकली तर फिटरला शिव्या. इथं एक परदेशी खेळाडू सातासमुद्रापलीकडनं येऊन सांगत होता की तुझ्यासारखं जगात कुणी विणत नाही.

या वर्षी जानेवारीत तिबोरचा मेसेज आला. तो चौतीस वर्षांचा झाला होता, नंबर घसरून अडीचशेच्या पुढे. गेल्या वर्षीच्या पुण्याच्या उपांत्य फेरीचे गुण वर्ष झालं म्हणून आता गळणार होते. या वर्षी पुन्हा तिथपर्यंत पोचला तर पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत नाव लागायची आशा होती. नाही पोचला तर तीनशेच्या पलीकडे. बायकोला त्यानं शब्द दिला होता, पॅरिस नाही तर रॅकेट ठेवून देईन. शेवटी लिहिलं होतं, पण पुण्यात अजिम आहे.

तो मेसेज घेऊन अजिम माझ्याकडे आला. आता ऐका माझा शहाणपणा. गेली पाच वर्षं मी त्याच्या मशीनकडे बघून टोमणे मारत होते, "अजिमभाऊ, ह्या काट्याला कधी तपासलंय का? कंपनीत असता तर मी लाल स्टिकर मारून कोपऱ्यात टाकला असता." तो हसायचा, "हाताला कळतं ताई." त्या दिवशी मात्र हसला नाही. म्हणाला, "ताई, या वेळी सगळं बरोबर पाहिजे. त्याचं सगळं ह्याच्यावर आहे. तुम्ही एकदा मशीन तपासून द्याच."

मला काय, आनंदच झाला. रविवारी भोसरीच्या ओळखीच्या लॅबमधनं ताण मोजायचं यंत्र आणलं, मशीनला जोडलं, अजिमनं काटा तेवीसवर नेला. यंत्रानं दाखवलं, एकवीस पूर्णांक चार.

"अहो, हे काय! दीड किलोच्या वर मारताय की तुम्ही," मी म्हणाले. "काट्यावर आकडे कशानं टाकले होते?"

अजिमनं कान पकडला. "कोपऱ्यावरच्या जुन्या किराणावाल्याची वजनं आणली होती. पाच-पाच किलोची, लोखंडी."

मी कपाळावर हात मारला. तो किराणावाला! दुकान बंद होऊन गेलं, पण सगळ्या चिखलीला माहीत होतं की त्याच्या वजनांच्या बुडातलं शिसं काढलेलं असायचं. त्याच्याकडचे पाच किलो तांदूळ घरी आणले की पावणेपाचसुद्धा भरायचे नाहीत. त्याच वजनांनी ह्या पठ्ठ्यानं टेनिसचं मशीन लावलेलं! रुक्सानासकट आम्ही सगळे पोट धरून हसलो. मग मी काट्याखालच्या पट्टीवरचे जुने आकडे घासून काढायला लावले, नवे टाकले, पुन्हा तपासलं. तेवीस म्हणजे तेवीस. हिरवं स्टिकर लावलं, तारीख टाकली. कागदावर एका रकान्यात लिहिलं, तपासताना सापडलं एकवीस चार. दुसऱ्यात लिहिलं, दुरुस्तीनंतर तेवीस शून्य. सही केली आणि चहा घेतला.

तिबोर आला, सहा रॅकेट टाकून गेला. अजिमनं पहिली विणली आणि तारेवर बोट आपटून बघितलं. "ताई, जरा कडक वाजतेय."

"कान नको, काटा बघा," मी म्हणाले. अगदी ह्याच शब्दांत.

मंगळवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकली. अजिम आणि मी बालेवाडीला गेलो. समोर एक विशीतला मुलगा, कुठल्याशा देशाचा, नंबर तिबोरच्याही मागे. मला टेनिसमधलं फार कळत नाही, पण मोजायचं कळतं. तिबोरचा एकेक बॉल पलीकडच्या रेषेच्या चांगला आठ-दहा हात अलीकडे पडत होता. आखूड. आणि तो मुलगा पुढे येऊन येऊन मारत होता. तिबोर रॅकेटकडे बघायचा, तारा बोटांनी सरळ करायचा, मान हलवायचा. दुसरी रॅकेट घेतली, तिसरी घेतली. सहाच्या सहा सारख्याच, माझ्या कृपेनं. दुसऱ्या सेटला तो कोपर चोळायला लागला. एकदा त्यानं वर आमच्याकडे बघितलं आणि अजिमला अंगठा दाखवला. म्हणजे तुझं ठीक आहे, माझंच बिनसलंय.

सहा-दोन, सहा-तीन. तासाभरात खेळ खलास.

बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "अजिम, तारा परफेक्ट होत्या. हातच संपला माझा. म्हातारा झालो." अजिमच्या डोळ्यांत पाणी. मला त्या तिबोरचाच राग आला. एवढं चांगलं गटिंग करून दिलं, मशीन खास तपासून दिलं, आणि हा पहिल्याच फेरीत! खरंच असं वाटलं मला. लाज वाटते सांगायला.

दुसऱ्या दिवशी कंपनीत एक हाइट गेज चुकीचं निघालं. नेहमीचीच गोष्ट. अशा वेळी नियम एकच, आणि तो मी नव्या लोकांना घसा ताणून शिकवते: गेज नुसतं दुरुस्त करून चालत नाही. मागच्या तपासणीपासून त्या गेजनं जेवढा माल पास केला तेवढा सगळा शोधायचा आणि परत बघायचा. कुठं गेला, कुणाच्या गाडीत बसला, त्याचं काय झालं. माझ्या हाताखाली नव्यानं लागलेल्या स्नेहलला मी तेच सांगत होते. "गेज सुधारलं म्हणून हात झटकू नकोस. आधी मागचा माल बघ. चुकीच्या गेजनं जो माल चांगला ठरला, तो चांगला का ठरला, ते शोध."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

तो चांगला का ठरला? तिबोर पुण्यातच का चांगला ठरला? कोपर इथंच का दुखायचा नाही? अगं बये! एकवीस चार. हाताला काही नव्हतं, हवेला काही नव्हतं. सैल तारेनं बॉल लांब जातो, हाताला धक्का कमी बसतो. ह्या माणसाच्या कोपराला तीच हवी होती, आणि ती त्याला अख्ख्या जगात फक्त एका चोर किराणावाल्याच्या वजनांमुळे मिळत होती. आकडा माझ्यासमोर होता. मी स्वतः रकान्यात लिहिला, सही केली आणि हसले. बावीस वर्षं लोकांना जे शिकवलं ते मला एकदा, एकदाच करायचं होतं.

टूलरूममध्ये जाऊन अजिमला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्यानं मला एक शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. तो फळीवर बसला, हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे हाताला काहीच नव्हतं."

"अजिमभाऊ, तसं नाही..."

"तसंच आहे ताई. राहू द्या ते. तो उद्या संध्याकाळच्या विमानानं जातोय. त्याला सांगायला पाहिजे."

मी नको म्हणाले. खरं सांगते, मी भ्याले. गेलेलं गेलं, कशाला माणसाला आणखी जाळायचं, असलं काहीतरी बोलले. अजिम माझ्यावर पहिल्यांदाच ओरडला. "त्याला वाटतंय हात संपला! हे डोक्यात घेऊन तो आयुष्यभर बसेल. हात नाही संपला त्याचा!"

घरी गेल्यावर अजिमनं नव्या आकड्यांच्या पट्टीवर एकवीस चारला खडूनं खूण केली आणि एक रॅकेट विणली. गुरुवारी सकाळी आम्ही तिबोरला निगडीच्या क्लबात बोलावलं. काही सांगितलं नाही, फक्त म्हणालो, जायच्या आधी थोडं खेळून जा. मिनल पलीकडे उभी राहिली.

तिबोरनं पहिला बॉल मारला आणि थांबला. तारांकडे बघितलं. दुसरा मारला. तिसरा. मग थांबलाच नाही. बॉल रेषेला जाऊन लागत होते, धाडधाड, मिनल बिचारी मागे मागे सरकत चाललेली. शेजारच्या कोर्टवरचे म्हातारे खेळ थांबवून बघायला लागले. अर्ध्या तासानं त्यानं कोपराची पट्टी सोडून खिशात घातली. मी त्याला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. अजिम जाळीला टेकून उभा होता, ओठ घट्ट मिटून.

मग तो बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "आज काय केलंस?"

अजिमनं सांगितलं. मोडकं-तोडकं इंग्रजी, बोटांनी आकडे, अडलं तिथं मी आणि मिनल. किराणावाला, शिसं, काटा, मी, हिरवं स्टिकर. काहीही लपवलं नाही. मीही मान खाली घालून म्हटलं, चूक माझी आहे.

तिबोर ऐकत होता. टॉवेलनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मी विचारलं, कारण मला राहवेना, "पण इतक्या वर्षांत तू स्वतः कधी आकडा कमी करून बघितला नाहीस?"

तो म्हणाला, "सोळाव्या वर्षी माझ्या कोचनं तेवीस ठरवलं. कोपर दुखायला लागला तेव्हा बदलणार होतो. पण मग पुण्यात आलो. अजिमकडे तेवीसवर मी इतका छान खेळलो की मला वाटलं, आकडा बरोबर आहे. बाकीच्यांचे हात चुकीचे आहेत."

म्हणजे अजिमच्या चुकीच्या काट्यानंच त्याला सहा वर्षं त्या आकड्याला बांधून ठेवलं होतं. एकवीस चार कुठंही मिळाले असते, इटलीत, तुर्कस्तानात, कुठंही. तोंडानं मागायचा अवकाश. सहा वर्षं! अठ्ठावीस ते चौतीस. कुणावर ओरडू मी? किराणावाल्यावर? तो मरून गेला. ह्या दोघांवर? दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काहीही दिसेना.

"आता परत खेळता येईल ना?" मिनलनं विचारलं. पोरगी भाबडी.

तिबोरनं मान हलवली. गुण गेले होते. पुन्हा तळापासून चढायचं तर दोन-तीन वर्षं, चौतिसाव्या वर्षी, आणि घरी दिलेला शब्द वेगळाच. तो चिडला नाही, आदळआपट केली नाही. मला मात्र वाटत होतं, बाबा रे, एक रॅकेट तरी फोड.

त्यानं फक्त अजिमला विचारलं, "इतकी वर्षं काटा तसाच होता. मग याच वर्षी का बदललास?"

मी तोंड उघडलं, दोष माझ्याकडे घ्यायला. अजिमनं हात आडवा केला.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "म्हटलं, या वेळी तुझं काही चुकायला नको."

तिबोरनं अजिमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. अजिम मराठीतच त्याला म्हणत होता, "रडू नको यार, रडू नको," आणि स्वतः रडत होता. मिनल उठून कोर्टवरचे बॉल गोळा करायला लागली. मी तिच्यामागे गेले, कारण तिथं बसायचा मला काही हक्क नव्हता.